भिंतीची पाठ

सतरा वर्षं बर्फात नोकरी करून आलेल्या माणसाला
थंडी कोण शिकवणार?
गुणवंतने नकाशा स्वतः काढला,
लोखंडाच्या बिलामागे, पेन्सिलीने:
दोन खोल्या, न्हाणी, पुढे ओटा,
आणि बैठकीच्या पश्चिम भिंतीत
मेजरसाहेबांच्या बंगल्यात होती तशी
आगीसाठी कमान.
उकंडा मिस्त्री परतवाड्याहून आलेला.
"भाऊ, देव्हारा सांगा, करून देतो.
हे धुराचं बिऱ्हाड म्या कधी बांधलं नाही."
तरी बांधलं त्याने,
वर दोन वेळा नारळ फोडून.

पौषात राहायला आलो.
चिखलदऱ्याच्या अलीकडचं गाव, दरीच्या अगदी तोंडाशी.
पहाटे पत्र्यावरचं दव नखाने खरवडावं लागतं.

पहिल्या रात्री सेंट्रिंगच्या फळ्या जाळल्या,
ज्यांनी आमचा स्लॅब एकवीस दिवस डोक्यावर धरला होता.
सिमेंटचे पोपडे उडवत तडतडल्या.
केवढा उजेड पडला!
पोरीने भिंतीवर बोटांचं हरीण केलं, पळवलं.
ऊब मात्र
घाईतल्या पाहुण्यासारखी
चपला न काढताच
धुराड्यातून निघून गेली.

समोरून गाल भाजायचे,
मागून पाठीत दरी शिरायची.
तव्यावरच्या भाकरीसारखे
आम्ही आळीपाळीने उलटत राहिलो.
पोरीने शाळेतून तापमापक मागून आणला.
गुणवंत दर तासाला बॅटरी मारून बघायचा,
वहीत लिहायचा, तारीखवार:
बारा. तेरा. बारा.
एकदा चौदा, पण तेव्हा तो काच हातात घट्ट धरून होता.

शेजारची फुलमा बेठेकर आली बघायला.
हसली नाही. उकिडवी बसली,
आगीकडे पाहिलंच नाही तिने,
तळहात भिंतीला लावला,
जशी बाळंतिणीची कूस चाचपावी.
"भित ओली हाय बाई.
नवं घर आधी सोताले तापवते,
मंग माणसाले."
किती दिवस, विचारलं.
दोन हिवाळे, म्हणाली. तीन.
आणि हे सागाचे तुकडे काहून जाळता, धावडा आणा वाळलेला,
राख रोज झाडू नका,
राखेलाच आग धरून ठेवता येते.

मग गुणवंतने धुराड्याचा गळा अर्धा विटांनी बुजवला
(दोन दिवस सगळे खोकलो, एक वीट काढली),
तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मागे उभा केला,
धावड्याचा अर्धा गाडा विकत घेतला, पावतीसकट,
कारण इथे जंगलातली काडीही मोजलेली असते.
राख साठू दिली. पायाला शिवली की बोटभर ऊब.
वहीत पंधरा.
त्याने तो आकडा दोनदा गिरवला.

त्याच रात्री दोनच्या सुमारास
मी लाकडं आणायला घराला वळसा घातला.
चांदणं असं की दातांवर लागावं.
पश्चिमेच्या भिंतीला, बरोबर धुराड्याच्या पाठीशी,
कोणाचीच नसलेली ती पिवळी कुत्री
चार पिल्लांसकट चिकटून झोपली होती.
खाली पोतं अंथरलेलं.
त्याच्या काठाचा निळा दोरा मी ओळखला,
फुलमाच्या घरचं.

मी हात लावला भिंतीला.
गरम. तापलेल्या पोराच्या पाठीसारखी गरम.
आमचे सगळे सेंट्रिंग, साग, धावडा
इथे येऊन बसले होते.
कुत्रीने एक कान उचलला, परत टाकला.
मीही वळून पाठ टेकवली,
किती वेळ ते वहीत नाही.

आत आले तेव्हा गुणवंत
तापमापकासमोर मांडी घालून बसलेला.
म्हटलं, आणखी दोन ओंडके टाक.
"काहून? वाढली का ऊब?"
वाढली, म्हटलं.